डोळ्याला पटलं तरच घास

समुद्रघोड्याला जठर नसतं. दातही नसतात. तोंडातून आत गेलेला घास सरळ आतड्यात उतरतो, वाटेत जेवढा पचेल तेवढा पचतो आणि उरलेला बाहेर पडतो. साठवणीची सोयच नाही. म्हणून समुद्रात हा मासा उजाडल्यापासून मावळेपर्यंत थोडं थोडं खात राहतो. समुद्रगवताच्या पात्याला शेपटीचा विळखा घालून उभं राहायचं आणि जवळून जाणारा बारीकसा जीव टिपायचा, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. नवा आणलेला समुद्रघोडा काही खात नाही, ही तक्रार त्यामुळेच इतर माशांच्या बाबतीतल्या तशाच तक्रारीपेक्षा गंभीर ठरते. गोल्डफिश चार दिवस जेवला नाही तरी निभावून नेतो. समुद्रघोड्याच्या बाबतीत घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू झालेलं असतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात समुद्रघोडा पाळता येत नाही. २००१ साली समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले नळीमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण होतं तेच तेव्हा या वीतभर माशालाही मिळालं. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं, सगळंच गुन्हा ठरतं. सुकवलेला समुद्रघोडाही त्यात आला. आपल्याकडे त्याचा अभ्यास परवानगी घेतलेल्या संस्थांमध्येच होतो. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने आपल्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या हिप्पोकॅम्पस कुडा या पिवळसर जातीच्या संगोपनावर बरंच काम केलेलं आहे. तेव्हा या प्रकरणात घरच्या टाकीबद्दल जे लिहिलं आहे ते अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांबद्दल आहे. तिथे टाकीतच जन्मलेले समुद्रघोडे कायदेशीरपणे विकले जातात आणि हौशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला याचा थेट उपयोग होईल. इथल्या वाचकाला उपयोग झाला नाही तरी एका अजब शिकाऱ्याची ओळख होईल, आणि मला तेवढंही मोलाचं वाटतं.

शिकारी हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. समुद्रघोडा पोहण्यात अगदी कच्चा. पाठीवरचा लहानसा पर सेकंदाला तीसेक वेळा फडफडतो तेव्हा कुठे तो जागचा हलतो. भक्ष्याचा पाठलाग त्याच्याच्याने होणं शक्य नाही. त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत, डोळे आणि मान. दोन्ही डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात. एक वर पाहत असताना दुसरा खालची वाळू तपासत असतो. काहीतरी हललं की दोन्ही डोळे त्या एका बिंदूवर येतात, मान वाकते, सोंडेसारखं तोंड हळूहळू खाली झुकतं. मग ‘टक्’ असा आवाज होतो आणि भक्ष्य नाहीसं झालेलं असतं. मानेच्या स्नायूंनी ताणून धरलेल्या स्नायुबंधांतली ताकद एकदम सुटते, डोकं वर उसळतं आणि नळीसारख्या तोंडात पाणी भक्ष्यासकट ओढलं जातं. या सगळ्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. शांत घरात टाकीच्या काचेजवळ कान नेला तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि समुद्रघोडे पाळणाऱ्याला तो ऐकण्याची सवय असावीच लागते. त्याचं महत्त्व पुढे येईल.

डोक्याच्या या आकारावर दोन सुंदर अभ्यास झाले आहेत. २०११ साली बेल्जियमच्या सॅम व्हॅन वासेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की, सरळ अंगाच्या नळीमाशापेक्षा वाकड्या मानेचा समुद्रघोडा जास्त लांबचं भक्ष्य टिपू शकतो. घोड्यासारखी मान शोभेसाठी आलेली नाही. एका जागी उभं राहून शिकार करणाऱ्याला तिच्यामुळे हात थोडा लांब मिळतो. दोन वर्षांनी ब्रॅड गेमेल आणि त्यांच्या चमूने फ्लोरिडाच्या बाजूला सापडणाऱ्या ठेंगण्या समुद्रघोड्याचं चित्रण केलं. त्याचं भक्ष्य म्हणजे कोपेपॉड, टाचणीच्या डोक्याएवढा जीव. पाण्यातली जराशी हालचाल जाणवली की हा जीव सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उडी मारून पसार होतो. तरीही शांत पाण्यात या समुद्रघोड्याचे दहापैकी नऊ हल्ले यशस्वी ठरत होते. कारण तो जवळ सरकतो तेव्हा त्याच्या सोंडेच्या टोकापुढचं पाणी जवळजवळ ढवळतच नाही. कोपेपॉडला चाहूल लागत नाही.

आता हाच मासा टाकीत आणला आणि त्याच्यापुढे मेलेल्या, गोठवून पुन्हा विरघळवलेल्या कोळंबीचे तुकडे टाकले, तर काय होईल? त्याच्या जातीने लाखो वर्षं फक्त हलणाऱ्या, जिवंत, डोळे आणि पाय असलेल्या जीवालाच अन्न मानलं आहे. तळाशी पडलेला पांढरट तुकडा त्याला दिसतो, पण ते अन्न आहे हे त्याच्या डोळ्याला पटत नाही. पुष्कळदा तो वाकून अगदी जवळून पाहतो, दोन्ही डोळे त्यावर रोखतो आणि शेवटच्या क्षणी तोंड फिरवून घेतो. पाहणाऱ्याला वाटतं, याला भूकच नाही. भूक असते. अडलेलं असतं ते ओळखण्यापाशी. मला या माशाबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं: त्याला खाऊ घालणं म्हणजे त्याच्या नजरेची खात्री पटवणं. पुढचे सगळे उपाय त्याच एका कामासाठी आहेत.

त्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय विकत घेण्यापूर्वीच करायचा असतो. समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा घेऊ नये. तो गोठवलेल्या अन्नाला अन्न मानत नाही, अंगात परजीवी घेऊन येतो, आणि पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात बहुधा उपाशी राहिलेला असतो. शिवाय समुद्रातल्या त्याच्या संख्येचा प्रश्न आहे. अमांडा व्हिन्सेंट यांनी समुद्रघोड्यांचा पाण्याखाली जाऊन अभ्यास केला आणि १९९६ मध्ये हेदर कोल्डवे यांच्यासह ‘प्रोजेक्ट सीहॉर्स’ ही संस्था उभी केली. या लोकांच्या पाठपुराव्याने २००२ मध्ये वन्य जीवांच्या व्यापारावरच्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समुद्रघोड्याच्या सगळ्या जाती घेतल्या गेल्या. मे २००४ पासून ते लागू झालं. तेव्हापासून समुद्रघोडा एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा तर कागदपत्रं लागतात. तरीही ट्रॉलरच्या जाळ्यात सापडून आणि चिनी औषधांसाठी सुकवले जाऊन दरवर्षी प्रचंड संख्येने समुद्रघोडे मरतातच. त्यात हौसेखातर भर घालण्याचं काहीही कारण नाही, कारण टाकीत जन्मलेले, पिल्लूपणापासूनच गोठवलेल्या अन्नावर वाढवलेले समुद्रघोडे आता मिळतात. हवाई बेटांवर कोना इथे आणि टास्मानियातल्या ब्यूटी पॉइंट इथे समुद्रघोड्यांची मोठी पैदास केंद्रं आहेत, आणि घरगुती पातळीवर पैदास करणारेही अनेक आहेत.

इथे एका फसगतीपासून सावध राहायला हवं. दुकानात ‘टँकमध्ये वाढवलेला’ असं सांगून विकला जाणारा प्रत्येक समुद्रघोडा बंद टाकीत जन्मलेला असेलच असं नाही. काही ठिकाणी किनाऱ्यालगतच्या जाळीबंद कुंडांत, समुद्राच्याच वाहत्या पाण्यात ते वाढवतात. त्यांना समुद्रातले जंतू आणि परजीवी भेटलेले असतात, आणि वाहत्या पाण्याबरोबर येणारं जिवंत अन्न खायची सवय लागलेली असते. म्हणून दुकानदाराला एकच विनंती करावी: हा मासा माझ्यासमोर गोठवलेलं अन्न खाताना दाखवा. दुकानात खाणारा घरीही लवकर खाऊ लागतो. ज्या दुकानदाराला ही विनंती रुचत नाही, तिथून मासा न घेता परत यावं.

घरी आणल्यावर लगेच खायला घालण्याची घाई नको. आधी पाण्याकडे पाहावं. टाकी निदान महिना-दीड महिना आधीपासून चालू असली पाहिजे, म्हणजे माशाच्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये स्थिरावलेले असतात. अमोनिया असलेल्या पाण्यात कुठलाही मासा जेवत नाही. समुद्रघोडा तर नाहीच. तापमान हा दुसरा मुद्दा, आणि इथे पुष्कळ जण चुकतात. उष्ण कटिबंधातला मासा म्हणून पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवतात. टाकीतल्या मर्यादित पाण्यात त्या तापमानाला व्हिब्रिओ जातीचे जीवाणू फोफावतात आणि समुद्रघोड्याचा जीव घेतात. हिप्पोकॅम्पस इरेक्टससारख्या जातींसाठी जाणकार पाणी २० ते २३ अंश सेल्सिअस ठेवतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजूच्या मोठ्या पोटाच्या जातीला त्याहूनही थंड पाणी लागतं. टाकी उंच हवी, निदान ४५ सेंटीमीटर, कारण जोडी प्रणयाच्या वेळी पाण्यात उभी वर चढते. आणि शेपटी गुंडाळायला काहीतरी हवंच: प्लास्टिकची वनस्पती, दोरखंडाचा तुकडा, शेवाळाचा झुबका. पकड मिळाली नाही तर हा मासा अस्वस्थ राहतो, आणि अस्वस्थ शिकारी शिकार करत नाही.

लांबून, पिशवीत बंद होऊन आलेल्या माशाबद्दल एक बारकावा. प्रवासात पिशवीतल्या पाण्यात कर्बवायू साठतो आणि पाणी काहीसं आम्लाकडे झुकतं. त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, पाणी पुन्हा अल्कलीकडे येतं आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत तास-दोन तास थेंबथेंब पाणी देत बसणं धोक्याचं असतं. पिशवी बंद असतानाच तापमान सारखं करून घ्यावं, उघडल्यावर थोड्याच वेळात मासा टाकीत सोडावा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्यावं. जवळच्या दुकानातून आणलेल्या माशाच्या बाबतीत सावकाश केलं तरी चालतं.

त्यानंतर दिवे मंद करायचे आणि माशाला एकटं सोडायचं. पहिल्या दिवशी तो एखाद्या फांदीला चिकटून काळपट रंगात उभा राहील. रंगावर लक्ष ठेवायला शिकावं. समुद्रघोडा रंग बदलतो आणि घाबरलेला असताना बहुधा गडद होतो. तो उजळू लागला, फांदी सोडून इकडेतिकडे फिरू लागला, काचेपलीकडच्या माणसाकडे डोळा वळवू लागला, की त्याला अन्न दाखवायची वेळ झाली. जोडीने आणलेले असतील तर ही वेळ लवकर येते. ऑस्ट्रेलियात व्हिन्सेंट यांनी पाहिलेल्या जोड्या रोज सकाळी एकमेकांना भेटत, रंग उजळत आणि बराच वेळ बरोबर फिरत. टाकीतही सकाळ अशीच जाते, आणि ती भेट उरकल्यानंतर दिलेलं जेवण त्यांना जास्त भावतं असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं अन्न दाखवत राहावं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत घास घेतला नाही तर घाबरून जाऊ नये, पण उपाय सुरू करावेत. आठवडा उलटू देऊ नये. लहान, अजून वाढणाऱ्या माशाच्या बाबतीत तर त्याच्या निम्माही वेळ हाताशी नसतो.

आता अन्नाबद्दल. जगभर पाळीव समुद्रघोड्यांचा मुख्य आहार म्हणजे मायसिस. हा आपल्या जवळ्यासारखा दिसणारा, पण वेगळ्या गणातला बारीक जीव. डोळे काळे आणि ठळक, अंग वाकडं, शेपटी स्पष्ट. गोठवून विरघळवला तरी त्याचं हे रूप शाबूत राहतं, आणि त्याचं खरं मोल तिथेच आहे: मेलेला मायसिसही शिकारीसारखा दिसतो. तो येतो कुठून, ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ओकानागन सरोवरात मायसिस मुद्दाम सोडले गेले. तिथल्या कोकॅनी नावाच्या सॅमन माशाला आयतं खाद्य मिळावं हा हेतू. झालं उलटंच. कोकॅनी दिवसा उजेडात वरच्या थरात खातो. मायसिस दिवसभर खोल काळोखात दडून बसतो आणि रात्री वर येतो. म्हणजे खाणारा आणि त्याचं खाद्य यांची गाठच पडेना. शिवाय ज्या सूक्ष्म जीवांवर कोकॅनीची पिल्लं जगत, तेच मायसिस रात्री फस्त करू लागले. सॅमन घटला आणि मायसिस माजला. पुढे तो कमी करण्यासाठी रात्री जाळी टाकून काढला जाऊ लागला आणि गोठवून जगभरच्या मत्स्यालयांकडे रवाना होऊ लागला. थंड, खोल पाण्यातला असल्याने त्याच्यात मेद आणि प्रथिनं भरपूर असतात. एका सरोवरातली ती मोठी चूक दूरवरच्या टाक्यांमधल्या समुद्रघोड्यांना अशी पोसते आहे.

दुसरा नेहमीचा जीव म्हणजे आर्टिमिया. अतिखारट सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक हे त्याच्या अंड्यांचं मोठं भांडार. ती अंडी कोरडी असताना वर्षानुवर्षं टिकतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण दिवसभरात फुटतात. जिवंत आर्टिमिया सतत वळवळत पोहतो, म्हणून जवळजवळ कुठलाही समुद्रघोडा त्याच्यावर झडप घालतो. पण वाढलेल्या आर्टिमियाच्या अंगात समुद्री माशाला लागणारी लांब साखळीची मेदाम्लं, विशेषतः डीएचए, फारशी नसतात. नुसत्या आर्टिमियावर ठेवलेला समुद्रघोडा रोज खाताना दिसतो आणि तरीही महिन्या-दोन महिन्यांत खंगत जातो. म्हणून आर्टिमियाला आधी सूक्ष्म शेवाळ किंवा मत्स्यतेलाचं मिश्रण खाऊ घालतात आणि मगच माशाला देतात. माझ्या मते आर्टिमियाचं स्थान एवढंच ठेवावं: अडलेल्या माशाला सुरुवात करून देणारा घास. रोजचं जेवण मायसिसचंच असावं.

मायसिस तयार करण्याची रीत साधी आहे, पण ती पाळावी. वडीतून लागेल तेवढाच तुकडा काढून टाकीच्याच पाण्यात विरघळू द्यावा. बारीक गाळणीवर घेऊन ते दूध झालेलं पाणी टाकून द्यावं, कारण त्यात फक्त टाकी नासवणारा रस असतो. मोडलेले तुकडे बाजूला करून अख्खे, डोळे शाबूत असलेले निवडावेत. निदान सुरुवातीच्या दिवसांत ही निवड करावीच; घास ओळखीचा दिसायला हवा. एकदा विरघळलेलं पुन्हा गोठवू नये. लहान तोंडाच्या माशाला मोठा मायसिस गिळता येत नाही. तो घेतो आणि थुंकतो. तसं दिसलं तर लहान आकाराचा मायसिस आणावा.

मग खरी परीक्षा. पाणी फिरवणारा पंप बंद करावा किंवा मंद करावा. लांब नळीच्या ड्रॉपरमध्ये दोन-चार मायसिस घेऊन माशाच्या तोंडापासून थोडं दूर, किंचित वरच्या बाजूला सोडावेत, म्हणजे ते त्याच्यासमोरून हळूहळू खाली येतील. अंगावर सोडू नयेत. वरून झेपावणाऱ्या वस्तूची त्याला भीती वाटते. पडता पडता मायसिस वळतो, हलतो, जिवंत भासतो. तळाशी टेकला की पुन्हा निर्जीव. मधले ते काही क्षणच उपयोगाचे. काही मासे ड्रॉपरलाच बिचकतात. अशा वेळी रिकामा ड्रॉपर रोज थोडा वेळ टाकीत तसाच धरून ठेवावा. दोन-तीन दिवसांत त्याची भीती जाते. काही मासे उलट वागतात: ड्रॉपरच्या टोकाला अडकवलेला एकच मायसिस तोंडापुढे किंचित थरथरवला की लगेच टिपतात. प्रत्येक समुद्रघोड्याची रीत वेगळी असते आणि ती शोधायला वेळ द्यावाच लागतो.

तरीही नकार मिळाला तर जिवंत अन्नाकडे वळावं. जिवंत आर्टिमिया, मिळाले तर जिवंत मायसिस किंवा शेवाळात राहणारे बारीक उड्या मारणारे जीव. दोन-तीन दिवस त्याला यावर भरपेट खाऊ द्यावं. अंगात थोडी ताकद यायला हवी. उपाशी ठेवून शिकवण्याची कल्पना या माशाच्या बाबतीत क्रूर आहे आणि फसवीही. मग पंप हलकासा चालू ठेवून जिवंत जीवांच्या घोळक्यात थोडे मेलेले मायसिस मिसळावेत. प्रवाहात जिवंत आणि मेलेलं बरोबर फिरू लागतं, मासा खाण्याच्या भरात असतो, आणि एखादा मेलेला मायसिस तोंडात जातो. तो गिळला गेला की अर्धं काम झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो मायसिस ओळखून टिपू लागतो. दिवसागणिक जिवंत अन्न कमी आणि मायसिस जास्त करत न्यावं, शेवटी प्रवाहही कमी करावा. कुणाचं हे चार दिवसांत होतं, कुणाला काही आठवडे लागतात. समुद्रातून पकडलेल्या माशांच्या बाबतीत कधीकधी ते होतच नाही, आणि मग रोज जिवंत अन्न मिळवण्याचा भार आयुष्यभर वाहावा लागतो.

या कामात उत्तम मदतनीस म्हणजे आधीपासून मायसिस खाणारा दुसरा समुद्रघोडा. एक जण टक् करून घास टिपतो, शेजारचा डोळा वळवून पाहतो, आणि थोड्या वेळाने तोही वाकून पाहू लागतो. पाळणाऱ्यांनी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की नवा मासा रोगमुक्त असल्याची खात्री पटताच त्याला खाणाऱ्याच्या सोबत ठेवायचं, ही रीतच पडली आहे. मात्र दुसऱ्या जातीच्या चपळ माशांची सोबत नको. क्लाउनफिश किंवा डॅमसेलसारखा मासा टाकीत असला, तर समुद्रघोडा घासाकडे निरखून पाहत असतानाच तो घास गायब होतो. समुद्रघोड्याला विचार करायला वेळ लागतो; तो वेळ हिरावणारं कुणी टाकीत नसावं. डंख करणारी समुद्रफुलंही नकोत. शेपटी कुठे गुंडाळायची हे तो पाहून ठरवत नाही.

खाणं सुरू झालं की जेवणाची जागा ठरवून टाकावी. काचेची उथळ वाटी किंवा मोठा शिंपला टाकीत एका कोपऱ्यात ठेवावा, जवळ शेपटी गुंडाळायला काहीतरी असावं, आणि रोज त्याच वेळी ड्रॉपरने त्यातच मायसिस सोडावेत. काही दिवसांत समुद्रघोडे तिथे येऊन वाट पाहू लागतात. माणूस काचेजवळ आला की वाटीकडे निघणारा समुद्रघोडा पाहणं हा मला या छंदातला सगळ्यात मोठा आनंद वाटतो. त्यात व्यवहाराचाही फायदा आहे: कोण किती खातो हे नेमकं दिसतं, आणि उरलेलं तासाभरात नळीने ओढून काढता येतं. उरलेलं अन्न सडलं की जीवाणू वाढतात, आणि मग पहिल्यापासून सगळं सुरू. जेवण आटोपल्यावर पंप पुन्हा चालू करायला विसरू नये. दिवसातून दोन वेळा, जमलं तर तीन वेळा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मायसिस हा प्रौढ माशासाठी साधारण अंदाज आहे. मायसिस मोठा असेल तर कमी पुरतात. पुष्कळ जण प्रौढांना आठवड्यातून एक दिवस उपास घडवतात. तो सुदृढ माशासाठी ठीक. नव्याने आलेल्या किंवा नुकत्याच खाऊ लागलेल्या माशाला कधीच नाही.

कधीकधी मात्र अडचण नजरेची नसते, शरीराची असते. तो फरक ओळखण्यासाठीच कान तयार लागतो. मासा घासावर झेप घेतो, पण ‘टक्’ आवाज कमजोर येतो किंवा येतच नाही, आणि घास बाहेरच राहतो. असं वारंवार झालं तर तोंडात किंवा जबड्यापाशी जखम वा संसर्ग असू शकतो. सोंड सुजलेली, पांढरटलेली दिसते का पाहावं. कल्ल्यांची उघडझाप वेगाने होत असेल, शेपटीवर किंवा अंगावर हवेचे फुगे दिसत असतील, नराची पिशवी फुगून तो वर तरंगत असेल, तर मायसिसच्या युक्त्या बाजूला ठेवून माशांच्या डॉक्टरकडे जावं. भरपूर खाऊनही बारीक होत जाणाऱ्या माशाच्या आतड्यात बहुधा परजीवी असतात. लांब, पांढऱ्या धाग्यासारखी विष्ठा ही त्याची एक खूण. पोट समोरून पाहायची सवय ठेवावी. दोन्ही बाजू भरलेल्या किंवा सपाट असतील तर ठीक. त्या आत ओढल्या गेल्या, अंगाच्या कड्या आणि मधली धार उठून दिसू लागली, तर मासा उपाशी आहे, मग तो कितीही शांत दिसो. अगदी शेवटच्या टप्प्यात मऊ, बारीक नळी तोंडातून आत घालून पातळ केलेलं अन्न पोहोचवतात. ते जाणत्या हातांचं काम आहे. जठर नसल्याने एका वेळी मावणारं अन्न थेंबांत मोजावं लागतं, आणि नळी थोडी चुकली तरी इजा होते. पण अनेक समुद्रघोडे असे चार-पाच दिवस काढून पुन्हा स्वतः खाऊ लागले आहेत, म्हणून तो मार्ग माहीत असलेला बरा.

प्रौढ जोडी नीट खाऊ लागली आणि तिचं अंग भरलं, की बहुतेक वेळा काही महिन्यांत पुढचा प्रश्न उभा राहतो. मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत देते आणि दोन-तीन आठवड्यांनी नर शेकडो पिल्लांना जन्म देतो. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची ही पिल्लं पहिल्या दिवसापासून स्वतः शिकार करतात, आणि त्यांच्यापुढे गोठवलेलं काहीही चालत नाही. त्यांना दिवसभर, पुन्हा पुन्हा, जिवंत कोपेपॉड किंवा नुकतीच फुटलेली आर्टिमियाची पिल्लं लागतात. त्यासाठी वेगळी टाकी, अंडी फोडण्याची भांडी आणि सूक्ष्म शेवाळाच्या बाटल्या नराची पिशवी फुगू लागलेली दिसताच मांडाव्या लागतात. त्या तयारीची सगळी कृती पुढच्या प्रकरणात दिली आहे.